अकरा पावलं आणि चुनागाडी

जुनी आहे, गंजलेली आहे आणि थोडी बढाईखोरही आहे. हे तिन्ही दोष मी आधीच कबूल करते, मित्रांनो, म्हणजे पुढे तुम्हाला शोधत बसायला नको. फुटबॉलच्या मैदानावर पांढऱ्या रेषा मारते ना, ती मी. चार चाकं, वर पत्र्याचा डबा, डब्याखाली रेषा उमटवणारं एक लहान चाक आणि मागे ढकलायला दांडा. मला सगळे चुनागाडी म्हणतात. लोकांना चुना लावणारे जगात पुष्कळ आहेत, पण ते काम हजारो लोकांसमोर, भर उन्हात आणि सरळ रेषेत करणारी मी एकटीच.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. डबा दुधाच्या कॅनचा आणि चाकं कुणाच्या तरी जुळ्या मुलांच्या बाबागाडीची. त्यामुळे पहिली चार वर्षं मी प्रत्येक वळणावर रडायची. पुढे तेलपाणी मिळालं आणि मी शहाणी झाले. मग मात्र अशा रेषा मारल्या की विचारू नका! एकदा मी इतकी सरळ रेषा मारली की मुंग्यांची एक रांग तिच्यावर चढली आणि मैदान संपलं तरी सरळच जात राहिली. त्या शेजारच्या देशात पोचल्या आणि तिथून त्यांनी खुशालीचं पत्र पाठवलं, असं म्हणतात. पत्र मी पाहिलेलं नाही. पण मुंग्या खोटं कशाला बोलतील?

मला ढकलायचे ते मैदानाचे माळीकाका. अंगाने काटकुळे, बोलायला तिखट. त्यांच्या खोलीत एका खिळ्याला मापाची पोलादी फीत टांगलेली असायची. रेषा मारण्याआधी फीत लावायची, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, मग मला बाहेर काढायचं, असा त्यांचा शिरस्ता. चाळीस वर्षं मैदान मापूनही ते दर वेळी नव्याने मापायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "माझ्या पायांवर माझा भरवसा नाही बाबा. पाय कधी दमलेले असतात, कधी लाडात आलेले असतात."

आता ज्याची गोष्ट सांगायची तो आला. सतरा वर्षांचा, पायांच्या काड्या, मोजे घोट्यावर गळालेले. डाव्या बाजूने, माझ्या रेषेला खेटून तो असा पळायचा की बचाव करणारे त्याच्याभोवती फिरून फिरून खाली बसायचे. लोकांनी त्याचं नाव भिंगरी ठेवलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त बँकेला ठाऊक होतं.

अठरा वर्षं तो या मैदानावर खेळला. चेंडू माझ्या रेषेवर नाचवायचा, पण बाहेर जाऊ द्यायचा नाही. एकदा तर रेषेच्या जाडीवरून, अर्ध्या मैदानापासून कोपऱ्यापर्यंत चेंडू नेला. सामना संपला तेव्हा चेंडू पांढराशुभ्र आणि माझी रेषा गायब. माळीकाका त्याच्या अंगावर धावून गेले. "अरे, गोल केलास तो केलास, माझी रेषा परत दे!"

त्याची एक सवय होती. सरावाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी यायचा, गोलरेषेला टाच लावायचा, डोळे मिटायचा आणि लांब लांब अकरा पावलं टाकायचा. अकरावं पाऊल बरोबर पेनल्टीच्या ठिपक्यावर. केसभरही इकडे नाही की तिकडे नाही. नवखे खेळाडू चहाची पैज लावायचे आणि हरायचे. या मैदानावर त्याने बत्तीस पेनल्ट्या मारल्या आणि बत्तीसच्या बत्तीस जाळ्यात. बत्तिसावी मारायला तो आला तेव्हा समोरच्या गोलकीपरने हातमोजे काढून खिशात घातले, असंही सांगतात. ते मात्र मीच सांगते.

मग गुडघा गेला. एकदा शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यांदा झाली, आणि पस्तिसाव्या वर्षी भिंगरी थांबला. निरोपाच्या दिवशी सगळं मैदान उभं राहिलं. त्याला भिंतीवरचं मोठं घड्याळ मिळालं. वेळ बघायचं कारण संपल्यावर लोक घड्याळ का देतात, हे मला अजून कळलेलं नाही. क्लबच्या पॅसेजमध्ये त्याचा फोटो लागला आणि सगळे आपापल्या घरी गेले.

पुढची दोन वर्षं कशी गेली, ते त्याने मला नंतर ढकलता ढकलता सांगितलं. पहाटे पाचला जाग यायची आणि कुणीच कुठे बोलावलेलं नसायचं. एके दिवशी त्याने स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवले आणि फळीवर संघ मांडला. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. बायको भाजी फोडणीला टाकून उभी.

"अहो, मीठ कुठे ठेवलंत?"

"डाव्या बाजूला बचावात."

"आणि तिखट?"

"ते राखीव आहे. उत्तरार्धात उतरवणार."

"तुम्ही आता बाहेर पडा," ती म्हणाली. "कुठेही जा, पण जा."

तो मेहुण्याच्या चपला-बुटांच्या दुकानात बसला. येणाऱ्या प्रत्येकाला चालून दाखवायला सांगायचा आणि मग म्हणायचा, "बूट ठीक आहेत हो, तुमचं पाऊल चुकतंय." गिऱ्हाईक अनवाणी पळायचं. मग टीव्हीवाल्यांनी सामन्याचं वर्णन करायला बोलावलं. चेंडू गोलजवळ आला की हा बोलायचं सोडून उभा राहायचा आणि टेबलाखाली लाथ मारायचा. तीन सामन्यांत दोन टेबलं मोडली. निरोप गोड शब्दांत आला, पण आला.

असाच एका सकाळी तो मैदानावर येऊन कुंपणाला टेकला. माळीकाकांची कंबर धरली होती. ते मला दहा पावलं ढकलत होते आणि पाच मिनिटं टेकत होते.

"काका, मी ढकलू?"

"तू? आयुष्यभर वाकडा पळालास, तू सरळ रेषा काय मारणार!"

पण दांडा त्यांनी सोडला. आणि मित्रांनो, ती पहिली रेषा! साप चुन्याच्या हौदात पडून घाबरून पळाला असता तर अशीच उमटली असती. भिंगरीला सवयच नव्हती ना सरळ जायची. समोर कुणी नसतानाही तो तीन जणांना चकवत गेला. माळीकाका हसता हसता गवतावर बसले. मग म्हणाले, "पायांकडे बघू नकोस. समोरच्या खुंटीकडे बघ. पाय येतात मागून."

तीन वर्षं तो शिकला. गवत कधी कापायचं, पाणी किती द्यायचं, चुना किती पातळ करायचा, नाहीतर माझ्या नळीत कशा गाठी होतात, सगळं. त्याचा चेहरा उजळला. तो घरी रात्री शांत झोपायला लागला, असं त्याची बायको सांगायची. आणि मग माळीकाकांनी काम सोडलं. जाताना खिळ्यावरची फीत त्याच्या हातात ठेवली. "लावत जा," एवढंच म्हणाले.

क्लबचे सचिव मात्र सावध गृहस्थ. सूटबूट, हातात सतत फाइल. त्यांनी भिंगरीला बोलावलं. "हे बघा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण खेळाडू वेगळा आणि मैदान सांभाळणारा वेगळा. या मोसमाचा शेवटचा सामना आपल्याकडे आहे. तो निर्वेध पार पडू द्या, पक्की नेमणूक देतो. काही गडबड झाली, तर मग आम्हाला बाहेरची कंपनी बघावी लागेल."

त्या संध्याकाळी भिंगरी माझा डबा धूत होता. हळूच म्हणाला, "हेही गेलं तर मी पुन्हा पॅसेजमधला फोटो होणार." मला उत्तर द्यायचं होतं. पण मला तोंड आहे ते एकच, आणि त्यातून फक्त चुना निघतो.

सामन्याच्या आधी आठवडाभर, दक्षिणेच्या गोलसमोरचं गवत उखडलं गेलं होतं म्हणून तिथे नवा हिरवा थर बसवला. झकास बसला! पण त्याबरोबर जुना पेनल्टीचा ठिपका गेला. माळीकाकांनी तिथे खुणेसाठी पुरलेला खिळाही गेला. सामन्याच्या सकाळी भिंगरीने फीत लावून, दोरी ताणून सगळ्या रेषा मारल्या. शेवटी राहिला तो ठिपका.

फीत हातात होती. भिंगरीने तिच्याकडे पाहिलं, नव्या गवताकडे पाहिलं आणि हसला. "बाकी सगळं मापेन. पण या जागेला फीत लावायची म्हणजे आईला ओळखपत्र विचारण्यासारखं आहे."

त्याने गोलरेषेला टाच लावली. डोळे मिटले. अकरा पावलं टाकली आणि तिथे मला गोल फिरवून ठिपका मारला. त्या ठिपक्यावर दोरी धरून चौकटीबाहेरचा अर्धगोलही मारला. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. चाकांना अंतर कळतं, मित्रांनो. पण म्हटलं, बत्तीस पेनल्ट्या मारलेला माणूस, त्याला आपण काय शिकवणार?

पंच पाहणीला आले. लहानपणी ते भिंगरीचे चाहते होते. त्यांनी जाळी ओढून पाहिली, झेंडे हलवून पाहिले आणि ठिपक्यापाशी येऊन म्हणाले, "हा तुम्ही मारलाय ना? मग काय बघायचं!" आणि हात मिळवून गेले.

दुपारी मैदान फुलून गेलं. चाळीस हजार माणसं तरी असतील. मी मोजायला बसले होते, पण अडतीस हजारावर कुणीतरी उठून पाणी प्यायला गेलं आणि गोंधळ झाला. मला कोपऱ्यातल्या फाटकाशी उभं केलं होतं, भिंगरी माझ्या शेजारी. पूर्वार्धात पाहुण्यांनी एक गोल केला. उत्तरार्धात आपल्यांनी तो फेडला. आता आपला संघ दक्षिणेच्या गोलवर चालून जात होता. करंडक पटकवायचा तर जिंकायलाच हवं होतं. बरोबरी झाली तर मोसमातल्या गुणांवर तो पाहुण्यांकडे जाणार होता.

सामना संपायला दहा मिनिटं असतील. भिंगरीची लेक वरच्या पायऱ्यांवरून धावत खाली आली. ती शिवणकाम करते, स्वतःचं दुकान आहे, गळ्यात कायम टेप.

"बाबा, मी वरून मघापासून बघतेय. दोन्ही बाजूंचे गळे सारखे नाहीत."

"कसले गळे?"

"ते अर्धगोल हो, चौकटीच्या बाहेरचे. त्या बाजूचा छान खोल आलाय, या बाजूचा उथळ. मी असा फ्रॉक शिवला असता तर गिऱ्हाईक रस्त्यापासून ओरडत आलं असतं."

"चष्मा पूस जरा."

"पुसूनच आलेय."

भिंगरी हसला. मग हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. त्याने फीत काढली, कुंपणालगत जमिनीवर पसरली, एक टोक लेकीला धरायला लावलं. टाच लावली आणि अकरा पावलं चालला. थांबला. खाली वाकून आकडा वाचला. अकरा मीटरला पाऊण मीटर कमी.

त्याने गुडघ्यावर हात ठेवला. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक पाऊल चार बोटं आखूड झालं होतं. पाच वर्षं त्याला ते कळलंच नव्हतं, कारण त्या सकाळपर्यंत ती अकरा पावलं तो पुन्हा चाललाच नव्हता.

आणि नेमकी त्याच क्षणी शिट्टी वाजली. दक्षिणेच्या चौकटीत आपल्या खेळाडूला पाडलं होतं. पेनल्टी! मैदान असं गरजलं की माझ्या डब्यातल्या चुन्याला उकळी फुटली.

सचिव फाइल हवेत नाचवत आले. "भिंगरी! करंडक आला! बघा, बघा!" मग त्यांना फीत दिसली. "हे काय?"

"ठिपका चुकलाय साहेब. माझ्या हातून. पाऊण मीटर जवळ आहे."

सचिवांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम उतरवला. "कुणाला कळलंय?"

"आपल्या तिघांना."

"मग आपल्यातच राहू द्या. अहो, फायदा आपलाच आहे! पेनल्टी जवळून मिळतेय. आणि तुम्ही आत गेलात, तर सगळ्या जगाला कळेल की आमच्या माळ्याला मैदान मापता येत नाही. नेमणुकीचं पत्र तयार आहे माझ्या फायलीत. अजून सही झालेली नाही, लक्षात ठेवा."

भिंगरीने चौकटीकडे पाहिलं. समोर आपला स्ट्रायकर चेंडू घेऊन ठिपक्याकडे निघाला होता. मित्रांनो, मी पत्र्याची आहे, पण त्या वेळी माझंही पाणी पाणी झालं.

"साहेब," भिंगरी म्हणाला, "बत्तीस गोल मी पुऱ्या अंतरावरून मारलेत. आज हा जवळून गेला तर उद्या त्या बत्तीसांकडेही लोक फीत घेऊन येतील. आणि आले नाहीत, तरी मी जाईन." मग लेकीकडे वळला. "फाटक उघड. टोक घट्ट धर."

आणि काय सांगू तुम्हाला! चालू सामन्यात, चाळीस हजार लोकांसमोर, मैदानात शिरणारी आजवरची एकमेव चुनागाडी मी! पुढे फीत धरून लेक, मागे मला ढकलणारा भिंगरी. चाकं नेमकी त्याच दिवशी करकरली. लोकांनी शिट्ट्या घातल्या, आरडाओरडा केला. पंच हात पसरून धावत आले.

"अहो, तुम्ही आत कसे?"

"ठिपका चुकलाय. मी पावलांनी मापला. फीत लावून बघा."

"काका, काय करताय!" स्ट्रायकर रडकुंडीला आला. "मी चेंडू ठेवलाय!"

पंचांनी स्वतः वाकून फीत लावली. एकदा लावली, पुन्हा लावली. सकाळी न पाहताच हात मिळवून गेलो, हे आठवून बिचाऱ्यांचे कान लाल झाले. ते उभे राहिले आणि मान हलवली. लेकीने ओल्या पोत्याने चुकीचा ठिपका घासून काढला. अकरा मीटरवर भिंगरीने बोट टेकलं आणि मला तिथे आणलं. अर्धगोलाला वेळ नव्हता. पंच म्हणाले, खेळाडूंना मी मोजून उभं करतो.

तोवर लोकांना कळलं होतं काय चाललंय. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर बातमी गेली आणि चाळीस हजार माणसं गप्प झाली. इतकी गप्प, की माझ्या नळीतून चुना उतरल्याचा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू गेला. मी उभ्या जागी गोल फिरले. आयुष्यात इतका देखणा ठिपका माझ्या हातून उमटला नव्हता. चंद्राने पाहिला असता तर लाजून त्या रात्री उगवला नसता.

स्ट्रायकर पुटपुटला, "काका, लांब झाला हो आता."

"लांब कुठे? सराव कुठल्या अंतरावरून केलास तू?"

"अकरा मीटर."

"मग जवळून मारला असतास तर आडव्या दांड्याच्या वरून गेला असता. तुझे पाय तरणे आहेत, ते खोटं बोलणार नाहीत. मार."

आम्ही बाजूला झालो. शिट्टी वाजली. स्ट्रायकर धावला, चेंडू उजव्या कोपऱ्याकडे सुटला, पाहुण्यांचा गोलकीपर पंख फुटल्यासारखा उडाला. त्याची बोटं चेंडूला लागली, चेंडू खांबाच्या आतल्या अंगावर आदळला आणि जाळ्यात शिरला! जाळं असं ताणलं की मागच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीचा गोंडा त्यात अडकला. मैदान उसळलं. स्ट्रायकर सगळ्यांना चुकवत थेट भिंगरीकडे धावला आणि दोघं मिळून माझ्यावर पडले. माझ्या डब्याला पोचा पडलाय तो तिथला. मी तो कधी ठोकून घेतला नाही.

सामना जिंकला, करंडक आला. पाहुण्यांचा गोलकीपर जाताना भिंगरीपाशी थांबला. म्हणाला, "जवळून मारला असता तर मला दिसलाही नसता. निदान आज बोटं लागली, हे घरी सांगता येईल."

आणि सचिव? ते फाटकाशी अजून उभेच होते. फाइल उघडी, चेहरा गोरामोरा. लोक येऊन येऊन त्यांनाच शाबासकी देत होते. "काय माणूस ठेवलाय तुम्ही मैदानावर! वा!" असं दहाव्यांदा ऐकल्यावर त्यांनी घसा खाकरला, नेमणुकीचं पत्र काढलं आणि सही करायला सपाट जागा शोधू लागले. सपाट जागा एकच होती, माझं झाकण. सही झाली, तिच्याखाली चुन्याचा पांढरा अंगठाही उमटला. ते म्हणाले, "भिंगरी, यापुढे मात्र..."

"फीत," भिंगरी म्हणाला. "आजपासून झोपेतसुद्धा."

त्याच्या लेकीने गळ्यातला टेप काढून त्याच्या गळ्यात घातला. त्या दिवशी त्याने मिरवलं ते एवढंच. करंडक खेळाडूंनी नेला.

आता तुमच्यापाशी मागणं मागते आणि गप्प बसते. काम झालं की माझ्यासारखीचा डबा धुऊन ठेवा. चुना आत वाळला की आमचा श्वास अडकतो. आणि एखाद्याचे पाय थकले म्हणून त्याचा फोटो भिंतीला लावून मोकळे होऊ नका. त्याला हाताला काम द्या. तो चुकेल. चुकला, तर चारचौघांत तसं सांगायला त्याच्यासाठी फाटक उघडं ठेवा.

बाकी त्या दिवशीचा गोल कुणाचा, म्हणून विचाराल तर क्लबच्या वहीत स्ट्रायकरचं नाव आहे. ठिपका कुणाचा, ते वहीत नाही. ते आता तुम्हाला माहीत आहे, मित्रांनो. सांगा सगळ्यांना, आणि थोडं वाढवूनच सांगा.